अजून सुपरवायझर?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. प्रश्न नवा नाही. डोंबिवलीच्या मावशीपासून इकडे ब्रिटनमध्ये नोकरीला येऊ पाहणाऱ्या मुलींपर्यंत सगळ्यांनी विचारून झालाय : "सोळा वर्षं स्पीच थेरपी करतेस, मग अजून डोक्यावर सुपरवायझर कशाला?"

घोळ शब्दाचा आहे. सुपरवायझर म्हटलं की आपल्याला परीक्षेच्या वर्गात बाकांमधून फिरणारे, कॉपी पकडणारे सर आठवतात. मलाही तेच आठवले होते. एनएचएसमधल्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेतल्या, पहिल्या सुपरव्हिजनला मी केसपेपरांचा गठ्ठा घेऊन गेले. सुपरवायझर बाईंनी तो बाजूला ठेवायला लावला आणि विचारलं, "या महिन्यात घरी गेल्यावरही डोक्यातून गेला नाही, असा पेशंट कोण?"

दर सहा आठवड्यांनी तासभर असं आमचं चालतं. त्या माझ्या बॉस नाहीत. रजा आणि वेटिंग लिस्टची बोलणी मॅनेजरशी. बोललेलं तिथेच राहतं. मात्र पेशंटला धोका आहे असं काही निघालं तर त्या गप्प बसणार नाहीत, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवलेलं असतं.

एक प्रसंग सांगते, ओळख पटेल असे तपशील बदलून. पक्षाघात झालेले एक आजोबा. (गिळण्याचा त्रासही आम्ही स्पीच थेरपिस्टच बघतो.) पातळ काही प्यायले की ते श्वासनलिकेत जायचं, म्हणून मी चहा-पाणी घट्ट करून द्यायला सांगितलं. पेयांच्या घट्टपणाला आता ० (पाण्यासारखं पातळ) ते ४ (सगळ्यात घट्ट) असे आकडे आहेत. त्यांना २ दिला. पावडर घातलेला तो चहा दिसतो चहासारखा, लागतो खळीसारखा. आजी गुपचूप साधा चहा पाजायच्या. सुपरव्हिजनमध्ये मी वीस मिनिटं आजींचीच तक्रार करत होते : समजावलं, पत्रक दिलं, ऐकतच नाहीत.

बाईंनी सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, "आणि आजोबांचं काय म्हणणं?"

"त्यांना अफेजिया आहे, बोलता येत नाही," मी म्हणाले, आणि माझे कान तापले. बोलता न येणाऱ्याचं म्हणणं काढून घेणं हाच तर माझा धंदा. मी त्यांना सोडून सगळ्यांशी बोलले होते.

दुसऱ्या दिवशी चित्रं, दोन कप आणि हो-नाहीचं कार्ड घेऊन बसले. इथल्या २००५च्या मेंटल कपॅसिटी अ‍ॅक्टप्रमाणे, शक्य ती सगळी मदत करून पाहिल्याशिवाय कुणाला 'निर्णय घेता येत नाही' असं ठरवता येत नाही. पाऊण तास लागला. प्रश्न उलटसुलट करून विचारले. धोका त्यांना कळत होता; खोकल्याच्या आणि छातीच्या चित्रावर त्यांनी स्वतःच बोट ठेवलं, आणि मग दर वेळी साध्या चहावर. डॉक्टरांशी बोलून तसं लिहिलं : आधी तोंड स्वच्छ, ताठ बसून, छोटे घोट. आजींनी माझं पत्रक मला परत केलं.

समुपदेशन क्षेत्रातल्या ब्रिजिड प्रॉक्टर यांनी १९८०च्या दशकात सुपरव्हिजनची तीन कामं मांडली : काम नीट होतंय ना हे पाहणं, शिकवणं आणि थकलेल्याला सावरणं. मावशीला पहिलंच दिसतं. मला त्या दिवशी तिन्ही एका प्रश्नात मिळाली.

मुंबईत असं नव्हतं. थेरपिस्टना लागणारी भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी होती, तिच्या नूतनीकरणासाठी सेमिनारचे गुण होते. पण इंटर्नशिप संपली आणि केसबद्दल खोदून विचारणारं कुणी उरलं नाही. होती ती हार्बर लाइनच्या लेडीज डब्यातली मैत्रीण. रडगाणं ऐकून ती मायेने म्हणायची, "तुझं बरोबरच होतं गं." त्यावर मी काही वर्षं काढली. त्यात किती आजोबा विचारायचे राहिले असतील, हे मोजायची हिंमत होत नाही.

इथे सगळं गोड आहे असंही नाही. माणसं कमी पडली की पहिली रद्द होते ती सुपरव्हिजनच. म्हणून येणाऱ्या मुलींनो, इंटरव्ह्यूमध्ये पगाराआधी विचारा : सुपरव्हिजन कोण देणार, किती दिवसांनी? आणि उत्तर "तुमचे मॅनेजरच देतील" असं आलं, तर आणखी दोन प्रश्न विचारा.