बर्गरमध्ये चरबी किती?

जेवायला आलेलं कुणी ना कुणी हमखास विचारतं, ‘आमचा बर्गर टणक होतो, तव्यावर चेंडूसारखा फुगतो. तुमचा असा रसाळ कसा?’ तेच इथे सविस्तर सांगते.

मी आधी उलट विचारते, खिम्यात काय काय घातलं होतं? कांदा, आलं-लसूण, कोथिंबीर, अंडं, भिजवलेला पाव. मग तो कटलेट झाला. छानच लागतो, पण बर्गर नव्हे. बर्गरला मांस, चरबी आणि मीठ पुरे.

यातली चरबीच आपल्याकडे कमी पडते. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीवर १९७६च्या कायद्याने बंदी होती, २०१५पासून बैल आणि वळूही त्यात आले. म्हणून पुण्यात बीफ म्हणजे म्हशीचं. आमच्या घरात ‘मोठ्याचं’. हे मांस मुळात कमी चरबीचं. परदेशी कृतींमध्ये मात्र खिम्यात २० टक्के चरबी गृहीत धरलेली असते. ती कृती जशीच्या तशी केली की बर्गर कोरडा होणारच.

माझ्या आजीला हे कुठल्याही कृतीशिवाय माहीत होतं. ती उन्हात चान्या, म्हणजे मांसाच्या पट्ट्या वाळवायची, पण चरबी कधी टाकायची नाही. वितळवून डब्यात भरून ठेवायची आणि कोरड्यासात, म्हणजे भाकरीबरोबरच्या कालवणात, चमचाभर घालायची. कॅम्पातल्या शिवाजी मार्केटात मी पहिल्यांदा चरबी वेगळी मागितली तेव्हा दुकानातले चाचा थबकले. बाकीची गिऱ्हाइकं ‘चरबी काढून द्या’ म्हणतात. त्यांनी गुर्द्याभोवतीची दिली, पांढरीशुभ्र. म्हशीच्या चरबीला गाईसारखी पिवळी झाक नसते.

४०० ग्रॅम खांद्याच्या मांसाला १०० ग्रॅम चरबी. दोन्हीचे तुकडे २० मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवायचे, नाहीतर यंत्रात चरबी वितळून लगदा होतो. जाड जाळीतून एकदाच काढायचं. मळायचं अजिबात नाही. हाताला सवय कणकेची, म्हणून हे सगळ्यात अवघड जातं. या खिम्याचे चार बर्गर होतात. मध्ये अंगठ्याने खळगा करा. आचेवर कडा आवळतात आणि मधला भाग वर येतो, खळगा असला की तो सपाट राहतो.

मीठ घालायचं ते बर्गर तव्यावर टाकायच्या क्षणी, वरून. आधी कालवलं तर मांसातली प्रथिनं सुटून एकमेकांना धरतात आणि घास रबरासारखा लागतो. टणकपणाची तक्रार बहुतेक वेळा इथेच मिटते.

तवा बिडाचा, चांगला तापलेला. उलथन्याने दाबू नका, सगळा रस तव्यावर जातो. आतून गुलाबी ठेवायचा मोहही नको. अख्ख्या तुकड्याचे जंतू वरच असतात, खिमा करताना ते आतपर्यंत पोचतात. मधलं तापमान ७१ अंश सेल्सियसला गेलंच पाहिजे. पुरेशी चरबी असेल तर एवढं शिजूनही रस राहतो, हे मी स्वतः वारंवार करून पाहिलं आहे.

बनमस्क्याचा बन मला यासाठी गोड वाटतो. बेकरीतला साधा गोल बन घ्या आणि त्याच तव्यावर, सुटलेल्या चरबीत भाजा. आधी सगळ्यांना ताटावर बसवा, मगच बर्गर तव्यावर टाका. गार झाला की ही चरबी टाळूला मेणासारखी चिकटते.