स्पितीत तंबूचा मुक्काम: आधी उंचीचा हिशेब

हिमाचलमधल्या स्पिती खोऱ्यात तंबू घेऊन जायचं ठरलं की एका कागदावर प्रत्येक मुक्कामाची उंची एकाखाली एक लिहून काढा. बाकीचं सगळं नियोजन त्या रकान्यावर अवलंबून आहे. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त चढू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक जादा रात्र त्याच उंचीवर काढावी. दिवसा वर फिरून यायला हरकत नाही, झोपायला मात्र खाली यायचं.

या हिशेबात मनालीहून आत शिरणं बसत नाही. मनाली साधारण २,०५० मीटरवर, चंद्रताल तलाव ४,२५० च्या आसपास. २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून सकाळी निघून संध्याकाळी तलावाजवळ पोचता येतं, आणि रात्री डोकेदुखी, उलट्या सुरू होतात. म्हणून सिमल्याकडून आत शिरावं आणि मनालीकडून बाहेर पडावं. नारकंडा २,७००, कल्पा २,९६०, नाको ३,६६०, ताबो ३,२८०, काझा ३,७०० च्या आसपास, लोसर ४,०८०, मग चंद्रताल. कल्पा ते नाको ही उडी ७०० मीटरची आहे. त्यामुळे नाकोचा तलाव आणि जुनं गाव दुपारी पाहा आणि झोपायला ताबोला उतरा. तिथला मठ इ.स. ९९६ चा आहे. आतली भित्तिचित्रं पाहायला टॉर्च हवीच, आणि फोटो काढायला मनाई आहे.

काझ्यात किमान दोन रात्री काढा. लांगझा, हिक्किम, कोमिक ही गावं ४,४०० ते ४,६०० मीटरवर आहेत. ती दिवसा करून परत यावं. लांगझ्यात मुलं शंखांचे जीवाश्म विकायला आणतात, ते घेऊ नका. तो व्यापार बेकायदा आहे. तंबूसाठी आमची पहिली पसंती पिन खोऱ्यातल्या मुदला. गाव ३,८०० मीटरच्या आत-बाहेर आहे, सपाट गवताळ जागा आहे आणि पाणी जवळ आहे. फक्त गावात विचारून मगच तंबू ठोका. गवत दिसतं ती जागा बहुधा कुणाची तरी कुरणाची असते, आणि वाटाण्याच्या शेताला पाणी नेणाऱ्या पाटाच्या कडेला तंबू लावणं गावाला मुळीच चालत नाही.

सह्याद्रीत आपण तंबू पावसाचा विचार करून लावतो, इथे वाऱ्याचा करावा लागतो. दुपारनंतर खोऱ्यातून वारा सुटतो आणि सूर्यास्तापर्यंत थांबत नाही. तंबू दुपारी दोनच्या आत उभा करा, अरुंद बाजू वाऱ्याकडे ठेवा. जमीन खडकाळ असते. तंबूबरोबर येणारे ॲल्युमिनियमचे खुंटे पहिल्याच दिवशी वाकतात, म्हणून लोखंडाचे सहा-आठ इंची जाड खिळे न्या. खिळा शिरतच नसेल तर दोरी एका लांबट दगडाला बांधून त्यावर आणखी दोन मोठे दगड रचा. घसाऱ्याच्या उताराखाली आणि कोरड्या नाल्याच्या पात्रात तंबू नको. वर कुठेतरी पाऊस झाला तरी रात्रीतून पाणी येतं. जूनमध्येही ४,००० मीटरवर पहाटे पारा शून्याला टेकतो. उणे ५ अंशांची स्लीपिंग बॅग पुरते, पण खालची फोम मॅट दुहेरी हवी. थंडी जमिनीतूनच जास्त लागते.

स्वयंपाकाचं गणित इथे बदलतं. चंद्रतालच्या उंचीवर पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात तूरडाळ तासभर ठेवली तरी टणकच राहते. दोन-तीन लिटरचा छोटा कुकर वजन वाटला तरी न्याच, आणि डाळ म्हणून मूग घ्या. पोहे, सातूचं पीठ, मेतकूट यांना इंधन फारसं लागत नाही. गॅसचे कॅन प्रोपेन मिसळलेले बघून घ्या. नुसता ब्युटेन शून्याच्या खाली वायूच होत नाही आणि पहाटे चहाच्या वेळी स्टोव्ह पेटत नाही. दोघांना चार दिवसांसाठी २३० ग्रॅमचे दोन कॅन धरा. विमानात आणि रेल्वेत ते नेता येत नाहीत, म्हणून चंदीगडलाच खरेदी करा. माणशी रोज चार लिटर पाणी प्या.

उंचीवरच्या त्रासासाठी ॲसिटाझोलामाइड घ्यायचं तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारून. सल्फाची ॲलर्जी असेल तर ते आवर्जून सांगा. आणि गोळी घेतली म्हणून वरचा रकाना मोडू नका. डोकेदुखीबरोबर तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर सकाळची वाट न पाहता खाली उतरा.

काळ जूनचा उत्तरार्ध किंवा सप्टेंबर. लोसर आणि चंद्रतालच्या मधली कुंझुम खिंड (४,५५१ मीटर) साधारण मेअखेर ते जूनमध्ये उघडते. जुलै-ऑगस्टमध्ये स्पिती कोरडी असते, पण सिमल्याकडच्या वाटेवरचा किन्नौर आणि मनाली या दोन्ही दारांवर दरडी कोसळतात. जुलै २०२३ मध्ये अवेळी बर्फ पडून चंद्रतालला अडीचशेहून अधिक पर्यटक अडकले होते. चार दिवसांचं जादा खाणं आणि परतीच्या तिकिटात मोकळे दोन दिवस ठेवा.

चंद्रतालच्या काठावर तंबूला बंदी आहे. तळ काही किलोमीटर अलीकडे आहे, आणि गाडीतळापासून शेवटचा टप्पा चालत. शौचासाठी पाण्यापासून ६० मीटर दूर, वीतभर खोल खड्डा खणा. कागद मात्र पिशवीत घालून परत आणा. या कोरड्या थंडीत तो वर्षानुवर्षं कुजत नाही.

काझ्याला टाकी पूर्ण भरा, कारण मनालीपर्यंतच्या सुमारे २०० किलोमीटरमध्ये पंप नाही. रोख रक्कमही तिथेच काढा. चंद्रतालहून मनालीकडे जाताना बातल ते ग्रांफू हे साधारण ५० किलोमीटर म्हणजे दगडगोटे आणि रस्त्यावरून वाहणारे नाले. ऊन चढलं की बर्फ वितळून नाल्यांचं पाणी वाढतं. सकाळी घोट्याएवढा असलेला नाला चार वाजता बोनेटपर्यंत येऊ शकतो. तलावावरून सहाला निघा आणि दुपारी बाराच्या आत याच टप्प्यातलं छत्रू ओलांडा. पाणी ओलांडताना पहिला गिअर, वेग एकसारखा, मध्ये क्लच दाबायचा नाही. गाडी अडलीच तर पुन्हा-पुन्हा स्टार्टर मारू नका, इंजिनात पाणी खेचलं जातं. दोर लावून मागून येणाऱ्या गाडीकडून ओढून घ्या.