लाचखोराला फाशी नको, निकाल लावा

पेपरात कोणी लाच घेताना पकडल्याची बातमी आली की पानठेल्यावर एकजण तरी म्हणतोच, "चौकात लटकवा भाऊ यायले." राग खरा आहे, मलाही येतो, पण फाशीनं हे थांबेल असं मला अजिबात वाटत नाही. चीनमध्ये देतात की, 2021 मध्ये एका सरकारी वित्त कंपनीच्या प्रमुखाला दिली, तरी तिथं पकडापकडी चालूच आहे.

आपला कायदा तरी कुठं नरम आहे? लाच घेतली तर कमीत कमी 3 वर्षं, जास्तीत जास्त 7. 2018 च्या दुरुस्तीत असंही लिहिलंय की खटला शक्यतो 2 वर्षांत संपवा. संपतात का?

शेजारच्या काकूंचं सांगतो. काका वारले, वारसाचा फेरफार करायचा होता. नोटीस निघते, हरकतीचे 15 दिवस, मग मंडळ अधिकारी मंजूर करतो, झालं. तरी पैसे मागितले. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणजे पीककर्ज अडलं, आणि पेरणी तोंडावर. मी म्हटलं लाचलुचपत विभागाच्या 1064 ला फोन लावू. तर म्हणाल्या, "लावशील बाप्पा, पन मंग माहा फेरफार कोन करन? त्याच हाफिसात जा लागते मले." दिले त्यांनी, कपाशीच्या बियाण्यासाठी ठेवलेल्यातले.

तक्रार केली असती तर नोटांना पावडर, सोबत पंच, घेणाऱ्याची बोटं द्रावणात बुडवली की पाणी गुलाबी, दुसऱ्या दिवशी बातमी. इथपर्यंत सगळं जोरात. मग खटल्याला वरून मंजुरी, मग तारखा, तोवर निलंबित साहेबाला आधी अर्धा पगार भत्ता म्हणून, पुढं पाऊणही होऊ शकतो, आणि तक्रारदार मात्र निंदण सोडून कोर्टाच्या पायऱ्या चढतो. थकतो अन् फिरतो. सुप्रीम कोर्टानं डिसेंबर 2022 मध्ये सांगितलं की तक्रारदार फितूर झाला किंवा मेला तरी बाकीच्या पुराव्यावर शिक्षा होऊ शकते, हे फार बरं झालं. पण फाशी ठेवा, मग बघा, कोणाचा जीव मी कशाला घेऊ म्हणून साक्षीलाच कोणी उभं राहणार नाही.

2 वर्षांत निकाल लागला पाहिजे, दोषी ठरला की नोकरी, पेन्शन, कमावलेला प्लॉट सगळं गेलं पाहिजे, आणि तक्रारदाराचं अडलेलं काम दुसऱ्या तालुक्याच्या अधिकाऱ्यानं आठ दिवसांत करून दिलं पाहिजे. ही शेवटची गोष्ट झाली तर काकूंसारखी बाई स्वतःहून फोन लावेल.

आणि मोठ्यांचं काय? विदर्भातलं गोसीखुर्द धरण घ्या, मुळात 372 कोटींचा प्रकल्प, 1988 ला भूमिपूजन, आता खर्चाचा अंदाज 18 हजार कोटींच्या वर, सिंचनाच्या कामांच्या चौकशा झाल्या, गुन्हेही दाखल झाले. दोन हजार घेणारा आणि कालव्याच्या टेंडरात खाणारा एकाच मापानं मोजायचे नाहीत. सरकारी नोकरानं सरकारचा पैसा हडपला तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा जुन्या भारतीय दंड संहितेच्या 409 कलमातच होती. ती लावायची हिंमत कोणी करेल का, मला एवढंच विचारायचंय.