तुम्ही विचारलंत म्हणून: बाईंनी मुलीवर राग नाही काढला?

थेरपीला मुलं आत गेली की आम्ही पालक बाहेर बाकावर बसतो, आणि कुणी ना कुणी मला हे विचारतंच. ‘मुलीच्या अभ्यासाबद्दल तुम्ही शाळेत जाऊन बोललात म्हणे. मग बाईंनी मुलीवर राग नाही काढला?’ विचारणारीचं मूल कधी पहिलीत असतं, कधी सहावीत. एकदा एका आजोबांनीही विचारलं. बाकावर अर्धंच उत्तर देता येतं, म्हणून इथे सविस्तर.

राग काढतात का? काही जण काढतात, खोटं कशाला सांगू? मारणं आणि मानसिक त्रास देणं शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने बंद केलंय, पण राग काढायला छडीच लागते असं नाही. गॅदरिंगच्या यादीतून नाव गळलं तरी पुरतं. आमच्याकडे एवढंच झालं की बाई बरेच दिवस माझ्याशी तुटक वागल्या. ‘हो’, ‘बघते’, ‘सांगते’. मुलीशी होत्या तशाच राहिल्या. तुमच्याकडेही असंच होईल अशी हमी मी देऊ शकत नाही. माझ्यापुरता हिशेब सरळ होता: बोलल्यावर जे नुकसान होईल म्हणून घाबरायचं, ते न बोलताच चालू होतं.

माझी मुलगी स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. चौथीत, अनुदानित मराठी शाळेत. अक्षर असं की बघत राहावं. फळ्यावर असेल ते सगळं वहीत उतरतं, वार-दिनांक-सुविचारासकट, काना-मात्रा न चुकता. प्रत्येक पानावर लाल पेनाने बरोबरची खूण आणि ‘छान’. परिसर अभ्यासच्या वहीत एका पानावर पाणी कुठून मिळतं ते लिहिलं होतं. नदी, तलाव, विहीर. मी ‘विहीर’वर बोट ठेवून विचारलं, हे काय गं? तिने अक्षरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पान उलटलं. आमच्या परसात विहीर आहे. मुलगी रोज कठड्यावरून वाकून तिच्यात बघते, हाक मारते. ती विहीर आणि वहीतला शब्द एकच, हे तिला कुणी दाखवलंच नव्हतं. ती अक्षरं वाचत नव्हती, चित्र काढावं तशी काढत होती.

आणि प्रगतिपुस्तकात परिसर अभ्यासाला ब-1. म्हणजे शंभरात 71 ते 80. शेजारी वर्णनात्मक नोंद, ‘परिसरातील घटकांची माहिती सांगते.’ या नोंदींच्या तयार याद्या शिक्षकांच्या ग्रुपवर फिरतात. माझी नणंद शिक्षिका आहे, तिनेच दाखवल्या. खराब श्रेणी दिली असती तर घरात चर्चा तरी झाली असती. ब-1 बघून आमच्या सासूबाईंनी पेढे आणले.

म्हणून बोलायला गेले ती वही घेऊनच गेले. ‘तुम्ही तिच्याकडे लक्ष देत नाही’ हे वाक्य काढायचं नाही, हे घरूनच ठरवलं होतं. त्याला उत्तर ठरलेलं असतं, ‘पंचावन्न मुलं आहेत हो वर्गात.’ आणि ते खोटंही नसतं. मतदारयाद्या, सर्वेक्षणं, खिचडीचा हिशेब, रोज ऑनलाइन भरायची माहिती, सगळं त्याच बाईंच्या डोक्यावर. मी विचारलं, ‘बाई, या महिन्यात तिला काय काय यायला हवं, असं तुमच्या मनात आहे?’ बाई म्हणाल्या, ‘तिचा काही त्रास नाही हो. शांत बसते अगदी.’

हे ऐकून पुष्कळ आया खूश होऊन घरी येतात. वर्गात धावणाऱ्या, किंचाळणाऱ्या मुलांच्या आईबापांना शाळा सारखी बोलावते. त्रासदायक असतं ते, पण निदान त्या मुलांचा विषय तरी निघतो. शांत मूल वर्षानुवर्षं वर्गात बसून राहतं आणि पुढच्या इयत्तेत सरकतं. मी ते पान उघडलं. बाईंनी मुलीला जवळ बोलावून स्वतः विचारलं. मग थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. ‘मला वाटायचं, हिला येतं सगळं,’ म्हणाल्या. मला ते पटलं. ते अक्षर बघून कुणालाही वाटलं असतं.

पुढचा प्रश्न आराखड्याचा. दिव्यांग मुलाचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा करायचा असतो, म्हणजे त्या मुलाने काय काय शिकायचं ते लिहिलेला कागद. तुमच्या मुलाचाही असेल, मागून बघा. आमचा विशेष शिक्षकांकडे होता. गट साधन केंद्रातून, म्हणजे शिक्षण विभागाच्या तालुक्याच्या केंद्रातून, हे सर शाळा-शाळा फिरतात. दिव्यांग मुलांसाठी पहिली ते पाचवीला 10 मुलांमागे एक आणि त्यापुढे 15 मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा, असं केंद्र सरकारने 2022 मध्ये ठरवलंय. आमचे सर येतात, मुलीशी थोडं बोलतात, सही करतात आणि पुढच्या शाळेची एसटी पकडतात. त्यांना एकट्याला दोष देऊन काय होणार? पण आराखडा हातात आला तेव्हा हसावं की रडावं कळेना. उद्दिष्ट: ‘स्वतःचे नाव सांगेल.’ आमची मुलगी बालवाडीपासून नाव, आडनाव, गाव आणि बाबांचा मोबाइल नंबर सांगते. न विचारता. एसटीत अनोळखी माणसालासुद्धा.

बाई तोंडी बोलण्याने बदलल्या, आराखड्याला मात्र अर्ज लागला. मुख्याध्यापकांच्या नावाने, एक पानी. जन्मापासूनची कहाणी त्यात नको. काय दिसलं ते, वहीच्या पानाची आणि यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगत्वाच्या सरकारी ओळखपत्राची) झेरॉक्स, आणि काय हवं ते. ‘विशेष लक्ष द्यावे ही विनंती’ असं कृपा करून लिहू नका, त्यातून कुणालाच काही करावं लागत नाही. मी लिहिलं: फळ्यावरचं सगळं उतरवून घेण्याऐवजी रोज पाच शब्द चित्रांसह द्यावेत. चाचणीत लेखी उत्तराऐवजी तोंडी किंवा जोड्या लावून उत्तर घ्यावं. नवा आराखडा करावा, त्यावर बाई, विशेष शिक्षक आणि पालक अशा तिघांच्या सह्या असाव्यात. शेवटी एक ओळ, की दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 च्या कलम 16 प्रमाणे प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याच्या प्रगतीवर लक्ष ठेवणं शाळेवर बंधनकारक आहे. एकच ओळ पुरे. कायद्याची पानं जोडलीत की वकिलाची नोटीस आल्यासारखी धावपळ होते आणि मुलाचा विषय बाजूला पडतो.

दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. क्लार्क म्हणाले, ‘पोच कशाला ताई, देतो ना मी सरांना.’ पोच मागणं म्हणजे अविश्वास, असं आपल्याकडे धरतात. ‘असू दे भाऊ, माझ्या फाइलला लागते,’ म्हटलं आणि आवक क्रमांक, तारीख, शिक्का घेऊनच उठले.

शाळा व्यवस्थापन समितीकडे जा, तिथे तीन-चतुर्थांश पालक असतात, असा सल्ला तुम्हालाही मिळेल. सरकारी किंवा जिल्हा परिषदेची शाळा असेल तर जरूर जा. अनुदानित शाळेत मात्र शिक्षण हक्क कायद्याच्या 2012 च्या दुरुस्तीनंतर ही समिती सल्ला देण्यापुरतीच आहे. मुख्याध्यापकांकडे काम झालं नाही तर केंद्रप्रमुख (आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे), मग पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी. पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडेही तक्रार करता येते. आम्हाला तिथवर जावं लागलं नाही.

वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र हा विषय चुकूनही काढू नका. एका ताईंनी काढला, तर एक गृहस्थ म्हणाले, ‘अशा मुलांना स्पेशल शाळेत का घालत नाही?’ त्यांना मीच सांगितलं, की 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिकायचा हक्क आहे, आणि कुठे शिकायचं ती निवड त्या मुलाची, वर्गातल्या इतरांच्या वडिलांची नाही. उत्तर ठीक होतं, पण त्या ताईंच्या मुलाचं निदान तोवर सगळ्या गावाला कळलं होतं.

आमचा नवा आराखडा झाला. वाचन सरकतंय, सावकाश. गणिताचं अजून तसंच. हातच्याची बेरीज फळ्यावरून उत्तरासकट उतरवून आणते. गणिताला वेगळे सर आहेत, ते म्हणाले, ‘हिला कशाला हो गणित?’ हे वाक्य तारखेसकट नव्या अर्जात घातलंय. सर रागावतील का? बहुतेक रागावतील. झेरॉक्स काढायची राहिलीय, सोमवारी देते नेऊन.