आमची वाटचाल : आधी पाणी, मग मासे

आमच्या शोभेच्या माशांच्या दुकानात टाकी आणि मासे एकाच दिवशी मिळत नाहीत. टाकी, फिल्टर, खडी, लाइट आज घेऊन जा. मासे साधारण चार ते सहा आठवड्यांनी, तुमच्या टाकीतलं पाणी तपासून झाल्यावर. पुण्यात सिंहगड रोडला २०११ साली दुकान सुरू केलं तेव्हापासून हा नियम आहे. त्यामुळे काही गिऱ्हाइकं पायरीवरूनच परत गेली आणि काही कायमची आपली झाली.

त्याआधी मी एका कारखान्यात बॉयलरच्या पाण्याची तपासणी करायचो. हार्डनेस (कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार), अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवायची ताकद), पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी), रोज तेच. ब्युरेटमधून, म्हणजे मापाच्या काचनळीतून, थेंब सोडायचे आणि चंचुपात्रातला वाइनसारखा लाल रंग निळा कधी होतो ते बघत बसायचं. बॉयलरला क्षार नको असतात, माशांना मात्र थोडे तरी हवेच असतात, एवढाच फरक. बायकोला माशांचं वेड माहेरपासून. तिचा हात आणि माझी ब्युरेट या भांडवलावर आम्ही कामाला लागलो.

लोक विचारतात, नव्या टाकीत काचेसारखं स्वच्छ पाणी असताना थांबायचं कशासाठी? कारण जे मारतं त्याला रंगच नसतो. मासा अमोनिया टाकतो तो मुख्यतः कल्ल्यांवाटे, म्हणजे टाकीत विष्ठा दिसत नसली तरी अमोनिया वाढतच असतो. उरलेलं खाणं कुजतं त्याची त्यात भर. जुन्या टाकीत फिल्टरच्या स्पंजावर आणि खडीवर जीवाणूंचा थर बसलेला असतो. त्यातले काही अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट थोडंफार चालतं, आठवड्याला पाव टाकी पाणी बदललं की आटोक्यात राहतं. नव्या टाकीत हा थर नसतो. त्यामुळे पहिल्या आठवड्यात अमोनिया चढतो. तो उतरायला लागला की नायट्राइट चढतं, आणि ते माशाच्या रक्ताला प्राणवायू वाहू देत नाही. मासा पृष्ठभागावर येऊन धापा टाकतो, घरातले समजतात हवा कमी पडली, म्हणून दुसरा एअर पंप आणतात. अशा वेळी अर्धं पाणी बदलणं हा खरा उपाय. जोडीला चिमूटभर साधं मीठ, कारण मिठातलं क्लोराइड कल्ल्यांतून नायट्राइट आत शिरू देत नाही.

थर बसवायचा तर जीवाणूंना खाद्य लागतं. आम्ही रिकाम्या टाकीत मोजून अमोनिया घालायला देतो, लिटरला दोन मिलिग्रॅमच्या बेताने. तेवढा अमोनिया चोवीस तासांत नाहीसा झाला आणि नायट्राइटही शून्य आलं, की टाकी तयार. घाई असेल त्यांच्यासाठी आमच्याकडे एक मोठी टाकी कायम चालू असते. तिच्यात नुसते स्पंज भिजत असतात, आणि स्पंज उपाशी राहू नयेत म्हणून थोडे गप्पी मासे. त्यातला एक पिकलेला स्पंज नव्या फिल्टरमध्ये घातला की काम बरंच लवकर होतं. बाटलीतले जीवाणूही आम्ही ठेवतो, पण स्पंजाची खात्री मला बाटलीपेक्षा जास्त वाटते. जुन्या पुस्तकांत नायट्राइट खाणारा म्हणून नायट्रोबॅक्टरचं नाव असतं. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात गोड्या पाण्याच्या टाक्यांत हे काम मुख्यतः नायट्रोस्पायरा करत असल्याचं दिसलं. त्यामुळे बाटलीवर कुठलं नाव छापलंय तेही आम्ही वाचतो.

एक गोष्ट आम्ही प्रत्येकाकडून वदवून घेतो: स्पंज नळाखाली धुवायचा नाही. महापालिकेच्या पाण्यातलं क्लोरीन जसं पाण्यातल्या रोगजंतूंना मारतं, तसंच ते या थराचंही वाटोळं करतं. टाकीतून काढलेल्या पाण्यातच स्पंज दोनदा पिळायचा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नव्या टाकीत दुधाळपणा येतो, तेव्हा घाबरून सगळी टाकी रिकामी करायची नाही. ते वेगळे जीवाणू असतात, आपोआप बसतात.

आता पाण्याकडे येतो, कारण आमच्या धंद्याला वळण मिळालं ते पुण्याच्या पाण्यामुळे. एकाच रस्त्यावर दोन घरांत दोन तऱ्हेचं पाणी. खडकवासला धरणाचं पाणी मऊ, क्षार कमी. धायरी-नऱ्ह्याकडे बोअर आणि टँकर, म्हणजे बेसाल्टच्या भेगांतून आलेलं जड पाणी, बायकार्बोनेटने भरलेलं. काही सोसायट्यांत दोन्ही एकाच टाकीत पडतं. प्रमाण ऋतूप्रमाणे बदलतं आणि सभासदांना पत्ताही नसतो.

बोअरचं पाणी नळातून येताच पीएच तपासला तर फसायला होतं. त्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड असतो, तो उडून गेल्यावर पीएच चढतो. आणि पीएच चढला की तोच अमोनिया जास्त विषारी होतो. २५ अंश तापमानाला, पीएच ७ असताना एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का भाग विषारी रूपात असतो. पीएच ८ ला तोच पाच टक्क्यांच्या वर जातो. म्हणून किटवर एकच रंग आलेल्या दोन गिऱ्हाइकांना आम्ही वेगवेगळा सल्ला देतो: धायरीच्या माणसाला आजच पाणी बदल म्हणतो, धरणाचं पाणी येणाऱ्या पेठेतल्याला उद्या सकाळी परत तपास म्हणतो.

मऊ पाण्याचं दुखणं उलटं. अमोनियाचं नायट्रेट होताना आम्ल तयार होतं आणि ते पाण्यातली अल्कलिनिटी, म्हणजे केएच, खात जातं. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सात मिलिग्रॅमहून थोडी जास्त. केएच मुळातच दोन-तीन डिग्री असेल तर महिना-दोन महिन्यांत ते संपतं, पीएच एकदम खाली कोसळतो आणि सहाच्या आसपास जीवाणूंचं कामही मंदावतं. मासे पटापट जातात आणि दोष दुकानदाराच्या माशांवर येतो. स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी ‘शुद्ध’ म्हणून टाकीत भरणाऱ्यांचं हेच होतं. उपाय स्वस्त आहे: फिल्टरमध्ये जाळीच्या पिशवीत मूठभर शिंपल्यांचा चुरा. पीएच वाढवणारी-उतरवणारी बाटली मात्र मी विकत नाही, तिने पीएच रोज वरखाली होतो. मासा स्थिर ७.८ सहज सोसतो, रोजचे हेलकावे सोसत नाही.

सोसायटीच्या सॉफ्टनरबद्दलही गैरसमज फार. त्यातून कॅल्शियम-मॅग्नेशियम जातं आणि त्याजागी सोडियम येतं. केएच तसाच राहतो, टीडीएसही (एकूण विरघळलेले क्षार). गप्पी आणि मॉलीला कॅल्शियम हवं असतं, त्यांना ते पाणी मानवत नाही. अशा घरी आम्ही सॉफ्टनरच्या आधीच्या नळाचं पाणी घ्यायला सांगतो.

या सगळ्यातून बायकोने पाण्याची वही सुरू केली. गिऱ्हाइकाचं पाणी कुठल्या भागातलं, नळाचं की बोअरचं, जीएच (म्हणजे हार्डनेस), केएच, पीएच, महिना. आता नवं गिऱ्हाइक पत्ता सांगतं तेव्हा ती वही काढते आणि म्हणते, “तुमचं पाणी जड, निऑन टेट्राला मऊ लागतं, त्याचा नाद नको, मॉली घ्या, पोरं झालेलीही दिसतील.” ज्याला टेट्राच हवेत त्याला आरओ आणि बोअरचं मिश्रण किती करायचं ते लिहून देते. माझ्या मते आमच्या दुकानातली सगळ्यात मोलाची वस्तू ती वही आहे.

२०२० च्या टाळेबंदीत दुकान बंद आणि घरोघरी टाक्या चालू. शोभेच्या माशांसाठी प्रसिद्ध असलेल्या चेन्नईच्या कोळत्तूरहून येणारा माल थांबला होता. पण फोन थांबले नाहीत. लोक परीक्षानळीचे फोटो पाठवायचे. ट्यूबलाइटखाली रंग वेगळाच दिसतो, म्हणून पांढऱ्या कागदासमोर, दिवसाच्या उजेडात फोटो काढा असं सांगत राहिलो. पाण्याच्या जोरावर महिन्याची देखभाल करून देण्याचं काम त्यानंतर वाढलं, आणि आज उत्पन्नाचा मोठा भाग तिथूनच येतो. हाताखाली दोन मुलं आहेत. दोघांनाही मासे पकडायच्या आधी केएच काढायला शिकवलं.

पावसाळ्यात काम वाढतं. धरणाचं पाणी गढूळ होतं, नळाला क्लोरीनचा वास येतो, क्लोरीन घालवणाऱ्या अँटीक्लोरचे नेहमीचे थेंब पुरत नाहीत. त्यात वीज गेली तर बंद डब्याच्या फिल्टरमधला प्राणवायू काही तासांत संपतो आणि थर मरायला लागतो. स्पंज काढून टाकीच्या पाण्यात मोकळा सोडायचा. हा निरोप आम्ही जूनमध्ये सगळ्यांना पाठवतो.

तपासणीचे पैसे आम्ही घेत नाही, टाकी कुठूनही घेतलेली असो. घरी येणारं पाणी रात्रभर उघड्या भांड्यात ठेवा आणि सकाळी अर्धा लिटर स्वच्छ बाटलीत भरून आणा. बाटली साबणाने धुवू नका. टाकी आधीच चालू असेल तर तिच्यातलं पाणी वेगळ्या बाटलीत आणा, तेही सकाळी, खाणं घालायच्या आधी काढलेलं.