पेर्पेतुआबाई

इटलीतल्या लेक्कोत आल्यावर पहिल्याच महिन्यात मी एक घोळ घातला. इटालियनच्या फुकट वर्गासाठी चर्चमागे पाद्रीबुवांच्या घरी नाव नोंदवायचं होतं. बेकरीवाली म्हणाली, "पेर्पेतुआला विचारा." दार साठीच्या एका बाईंनी उघडलं. मी आदबीने म्हटलं, "बुऑनजोर्नो, सिन्योरा पेर्पेतुआ!" बाईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि स्वतःचं खरं नाव अक्षर अक्षर तोडून सांगितलं.

पेर्पेतुआ म्हणजे पाद्र्याचं घर सांभाळणारी बाई. कुठल्याही पाद्र्याची, कुठलीही. मूळची ही इटालियन लेखक मान्झोनीच्या 'इ प्रोमेस्सी स्पोझी' या १८२७ च्या कादंबरीतली, अब्बोन्द्यो या भित्र्या पाद्र्याची फटकळ मोलकरीण. चाळिशी उलटलेली, बिनलग्नाची. तिच्या मते आलेली सगळी स्थळं तिनेच नाकारली. मैत्रिणींच्या मते तिच्याकडे कुत्रंसुद्धा फिरकलं नव्हतं. आणि मी हे नाव तोंडावर चिकटवून आले होते! लिहिलेलं पाहिलं असतं तर पहिलं अक्षर लहान दिसून कळलं असतं. पण मराठी कानाला कुठलं आलंय लहान-मोठं अक्षर.

पुढे घराच्या डिपॉझिटवरून एका वकिलाकडे खेटे घालत होते. शेजारच्या आजी म्हणाल्या, "तो? आझ्झेक्कागार्बुल्यी आहे." गुंते बरोबर सोडवून देणारा, म्हणजे कायद्याची कलमं हवी तशी वाकवणारा. हाही त्याच कादंबरीतला. गोष्ट लेक्कोच्याच परिसरातली, त्यामुळे आजींना ती घरच्यासारखी पाठ. रेंझोचं लग्न गावगुंड सरदार अडवतो. होणारी सासू त्याला या वकिलाकडे धाडते आणि बजावते, की हे टोपणनाव आहे, त्याच्यासमोर उच्चारू नकोस. (माझ्या बेकरीवालीने एवढं तरी सांगायचं!) भेट म्हणून चार खच्ची कोंबडे देते. पाय बांधून उलटे लटकवलेले; रेंझो रागाने हात झटकतो तसे ते हिंदकळतात आणि तशातही एकमेकांना टोचत राहतात. एकाच संकटात असून आपसात भांडणाऱ्यांना अजून 'रेंझोचे कोंबडे' म्हणतात. सरदाराचं नाव ऐकताच वकील कोंबडे परत करतो. माझ्या वकिलाने फी परत केली नाही.

मग अशा शब्द झालेल्या नावांचा मला नादच लागला. बढाईखोर तो ग्रादास्सो, जुन्या वीरकाव्यांतला राजा. हुबेहूब दिसणारा तो सोझ्या, प्लाउतुसच्या लॅटिन नाटकातला गुलाम. देव त्याचंच रूप घेऊन त्याच्यासमोर उभा राहतो.

आजींना म्हटलं, आमच्याकडेही आहे. 'एकच प्याला'तला तळीराम. गडकऱ्यांचं नाटक न पाहिलेले पत्रकारही दर ३१ डिसेंबरला 'तळीरामांवर कारवाई' असा मथळा देतात. आजींनी शब्द दोनदा घोळवून पाहिला.

काल जेवणानंतर आजोबांनी ग्राप्पा या दारूची बाटली काढली. भिंतीपलीकडून आवाज आला, "तालिराम!" ळ त्यांना जमत नाही.