आमची वाटचाल : टकळीनं तारलं

आधीच सांगते, आमचा लोकरीचा धागा हातचा आहे, कुठं जाड कुठं बारीक असणारच, एकसारखा पाहिजे त्यांनी खुशाल गिरणीचा घ्यावा.

सुरुवात मी आणि थोरल्या जाऊबाई, दोघींनी केली. तारेच्या दातांच्या दोन फळ्या पिंजायला, एक मोठं पातेलं धुवायला, बस. डोंगरात मेंढ्या घरोघर पण लोकर कच्चीच विकायची पद्धत, आणि कच्च्या लोकरीत तेल, घाम, माती, कुसळं, धुतली की वजन तिसऱ्या हिश्श्यानं, कधी निम्म्यानंही उतरतं, व्यापारी ती तूट आधीच जास्तीची धरून भाव पाडायचा. म्हटलं आपणच धुवू, आपणच कातू.

मग मी शहाणपणा केला. कर्ज काढून चरखे आणले, खोली भाड्यानं घेतली, आणि बायका येईचनात. येणार कशा, पाणी, सरपण, चारा, मेंढ्यांमागं चढण, पुरुष कामाला खाली शहरात त्यामुळं शेतही बाईच्याच अंगावर, बसायला वेळ कुणाला? जाऊबाई एवढंच म्हणाल्या, "अगं, जे काम चालता चालता होतं ते तू बसवून करायला सांगतेस." टकळीवर, म्हणजे हातानं फिरवायच्या चातीवर, तासाला धागा कमी निघतो हे खरंय, पण ती चढणीवरही फिरते. हिमालयात काय, तिकडं अँडीजमध्ये काय, बायका गुरामेंढ्यांमागं चालतच कातत आल्यात. चरखे विकले, तोट्यात. हप्ते मात्र फेडत बसले.

मधली वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

2022 च्या आंतरराष्ट्रीय पर्वत दिनाचा विषय महिला होता. 11 डिसेंबरला आम्हाला बोलावलं, शाल दिली, भाषणं झाली, जाऊबाईंचे टकळी फिरवताना फोटो काढले. ऑर्डर एकही नाही. पुढच्या हंगामात खालच्या एका व्यापाऱ्यानं (नाव घेत नाही, घ्यायची लायकी नाही) कातरणीआधीच बायकांना उचल वाटली, आमच्या निम्म्या कातणाऱ्या गेल्या, आणि त्याच्या मालाच्या लेबलवर फोटो कुणाचा, तर आमच्या जाऊबाईंचा! आत अर्धं अ‍ॅक्रिलिक. वर लोक आम्हालाच विचारायचे, तुमचंच एवढं महाग का हो?

दोन महिने गोदामातून लडी हलली नाही. कुलूप लावायचं ठरलंच होतं. तेव्हा आमचे गालिचेवाले मास्तर, पहिल्या दिवसापासूनचे गिऱ्हाईक, त्यांनी दुकानात चार लोकांसमोर दोन्ही धागे पेटवले. आमचा केस जळल्यासारखा वास देऊन काडी बाजूला घेताच विझला, राख बोटांत चुरली. त्याचा वितळला, काळा कडक मणी झाला. मास्तरांनी वर्षभराची ऑर्डर दिली, तीही आगाऊ पैसे देऊन. हळूहळू बायकाही परत आल्या, मी कुणाला बोलले नाही, उचल कशी असते मला माहीतय.

तुम्हीही धागा घेताना एक टोक घरी आणून पेटवून बघा, चिमट्यात धरून, खाली ताटली ठेवून. आणि लोकर गरम पाण्यात घातल्यावर ढवळू नका हो! नुसती बुडवून ठेवा, ढवळलीत की तंतू एकमेकांत घट्ट अडकून नमदा झालाच म्हणून समजा.

ते लेबल जाऊबाईंनी घडी घालून ठेवलंय, त्यावर धाग्याची गुंडी गुंडाळतात. म्हणतात, कागद चांगला जाड आहे मेल्याचा.